पिवळा माल

महाल, नागपूर
९ ऑक्टोबर १९८३

ती. बाईस,
रुपरावचा नमस्कार.

पत्र हातात घेतलंस की आधी खाली बसून घे. बातमी उभ्याने वाचण्यासारखी नाही. कळमन्याच्या रस्त्याला संत्रा बागवानांच्या संघाने नवी शेड बांधली आहे ना, तिचं विजेचं काम तुझ्या भावाला मिळालं! पंधरा वर्षं लोकांच्या घरी पंखे टांगले, घंट्या बसवल्या, लग्नाच्या मांडवात माळा सोडल्या. पहिल्यांदाच एवढं मोठं काम हाती आलं आहे. तुझी भावजय शामला म्हणते, आता तरी एका जागी बसून जेवत जा. पण मला बसवत नाही. ताटावरून उठतो आणि सायकल काढून पुन्हा शेड पाहून येतो.

शेड केवढी म्हणशील, तर आत मालगाडी उभी राहील. लिलाव पहाटे, उजाडायच्या आधी. संघाचे सचिव बापूजी ठोंबरे यांचं म्हणणं एकच: "रुपराव, उजेड दाबून पाहिजे आन् बिल कमी आलं पाहिजे. कसं करता ते तुमी पाहा." सांगायला त्यांचं काय जातं!

साधे बल्ब लावले तर संघ विजेच्या बिलातच बुडेल. ट्यूबलाइट लावायच्या तर साठ लागतील, आणि पहाटे व्होल्टेज पडलं की त्या लुकलुकत बसतात. स्टार्टर फिरवायला एक माणूस कायमचा शिडीवर ठेवावा लागेल. चौकात असतात ते मर्क्युरीचे दिवे पाहिले. त्यांच्या निळसर उजेडात धडधाकट माणूससुद्धा दवाखान्यातून उठून आल्यासारखा दिसतो. आता नवीन सोडियमचे निघाले आहेत. सोळा दिव्यांत सारी शेड उजळते आणि वीज निम्मीसुद्धा लागत नाही. माझं मन तिकडे ओढ घेतं आहे, पण भीतीही वाटते. पहिलंच काम, आणि चुकलं तर दुसरं कोण देणार?

तू अकरा वर्षं लिलावाला माल नेतेस. मला एवढंच सांग, व्यापारी माल पाहतात म्हणजे नेमकं काय पाहतात? लवकर लिही. रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राहीन.

तुझा
रुपराव


मु. लाडगाव, ता. काटोल
१६ ऑक्टोबर १९८३

चि. रुपरावास,
मनकर्णाचा आशीर्वाद.

बसून वाचलं. मग उठून देवापुढे साखर ठेवली. तुझं पत्र वाचतानासुद्धा दम लागतो रे, लिहिताना तुला लागत नाही का?

व्यापारी काय पाहतो ते विचारतोस. आधी तो बागवानाचं तोंड पाहतो, गरजू आहे की नाही ते. मग साल पाहतो. आंबिया बहाराचं संत्रं या दिवसांत आतून गोड झालेलं असतं, पण वरून हिरवट राहतं. दिल्लीचं गिऱ्हाईक काही सोलून घेत नाही, ते सालच पाहतं. म्हणून सारा खेळ रंगाचा आहे. माल पिवळा दिसला पाहिजे. पिवळा दिसला की बोली चढते, हिरवा दिसला की शालिकराम शाहू हात मागे घेतात आणि पान खायला निघून जातात.

माझं तसं नाही. हे गेले तेव्हा बाबाराव भावजी काय म्हणाले होते, आठवते? "वैनी, बाईमानसानं बाजारात जाऊन काय होते? बाग मले द्या." मी दिली नाही. पहिल्या वर्षी व्यापाऱ्यांनी माझी एकेक पेटी उघडून तळापर्यंत हात घातला. दुसऱ्या वर्षी अर्ध्या उघडल्या. आता पेटीवर तांबड्या रंगात 'म' काढलेला दिसला की झाकणाला कोणी हात लावत नाही. शालिकरामजी म्हणतात, "बाई का डिब्बा है, देखना क्या!" त्या एका अक्षराखाली मी आजवर एक हिरवं फळ जाऊ दिलेलं नाही. प्रेमिला आणि दुसऱ्या बाया निवडतात, पण शेवटचा हात माझाच असतो. तेवढीच माझी कमाई समज.

तुझ्या दिव्यांचं मला काही कळत नाही. चांगले लाव.

तुझी
बाई


महाल
२९ ऑक्टोबर १९८३

ती. बाईस,
नमस्कार.

ठरलं! सोडियम! आणि ठरवलं कोणी, तर तू! "माल पिवळा दिसला पाहिजे" हे तुझं वाक्य मी बापूजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाईले बाजार समजते. पिवळाच पाहिजे." मग शेडमध्ये एक दिवा टांगून पाहिला. संध्याकाळची वेळ होती. पेटल्यावर आधी मिणमिण करत राहतो, आणि चार-पाच मिनिटांत असा काही भरतो की सारी शेड सोन्यासारखी. बापूजींनी टोपलीतलं एक संत्रं हातात धरलं आणि म्हणाले, "काय रंग आला हो!" मलाही तो रंग फार आवडला. साऱ्या कमिटीने जागच्या जागी होकार दिला.

कंपनीने एक पुस्तक पाठवलं आहे, सारं इंग्रजीत. मी त्यातले दोनच रकाने वाचले, वीज किती खातो आणि किती वर्षं टिकतो. दोन्हींत सोडियमच्या जवळ कोणी येत नाही. बाकीचं सवडीने वाचू.

सहा तारखेला भाऊबीज. सकाळच्या एस.टी.ने येतो. ओवाळणी जड आहे, फाट्यावर बैलगाडी पाठव. काय आहे ते विचारू नकोस, सांगून टाकीन.

तुझा
रुपराव


लाडगाव
१३ नोव्हेंबर १९८३

चि. रुपरावास,
आशीर्वाद.

दुसऱ्यांचे भाऊ साडी आणतात. माझा भाऊ चोक, तार आणि शेडमधल्यासारखाच हंड्याएवढा दिवा घेऊन एस.टी.तून उतरला. ओवाळताना मी हसत होते ते त्याच्यामुळेच. ताट धरायला उभी असलेली प्रेमिला मला कानात म्हणाली, "काकू, आता दिव्यालेच ओवाळता का?"

पण रुपराव, आज आठ दिवसांनी सांगते, अशी ओवाळणी कोण्या बहिणीला मिळाली नसेल. आधी आज तोडलेला माल उद्या उन्हात निवडायचा, संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि परवाच्या पहाटे तो लिलावाला. आता तोडणी झाली की दिवेलागणीला अंगणात तुझ्या दिव्याखाली निवडायला बसतो आणि त्याच रात्री ट्रक रवाना. सरळ एक दिवस वाचला. फळ ताजं जातं, देठसुद्धा हिरवा राहतो. तीन खेपा गेल्या, तिन्हींना वरचा भाव आला. तुझ्या शेडमध्ये माझ्या सुट्या मालाचा ढीग काय दिसत होता म्हणून सांगू! 'म'च्या पेट्या शालिकरामजींनी न उघडताच उचलल्या.

यंदा माल निघालाही चांगला. काल प्रेमिला म्हणते, "काकू, सारंच पिवळं दिसून राहिलं." मी म्हटलं, "नजर नको लावू वं."

हात भरून आशीर्वाद. कामाचे पैसे मिळाले की शामलासाठी काही घे, सायकलीला नवी घंटी घेऊन मोकळा होऊ नकोस.

तुझी
बाई


महाल
१९ नोव्हेंबर १९८३

ती. बाईस,
नमस्कार. घाईत आहे.

इकडे सारं ठीक. परवा लिलाव चालू असताना लाइन गेली. या दिव्यांचं असं आहे की एकदा गेले की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत. तोवर उजाडलं. उजाडल्यावर दोन ढिगांवरून भांडण झालं. पिवळा म्हणून घेतलेला माल हिरवा निघाला, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं. बागवान लबाडी करतात, दुसरं काय! शालिकरामजी जरा कुरकुरत होते. ते कशावरही कुरकुरतात.

कमिटी माझं काम नऊ डिसेंबरला तपासणार आहे. ते पास झालं की हिंगण्याच्या दोन कारखान्यांत माझं नाव सुचवतो, असं बापूजींनी कबूल केलं आहे. तोवर कोणाचं काही निघू नये एवढीच इच्छा.

एक सांगायचं होतं. तू निवडायचं काम दिवसाच करत जा. दिव्याखाली डोळ्यांना ताण पडतो. या वयात उगाच कशाला? बाकी काही कारण नाही.

तुझा
रुपराव


लाडगाव
२४ नोव्हेंबर १९८३

चि. रुपरावास,
आशीर्वाद.

हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस, शामलालाही नाही.

शालिकरामजींचा माणूस दिल्लीहून आलेली चिठ्ठी घेऊन आला होता. माझ्या पेट्यांत हिरवा माल निघाला. दोन-चार फळं नव्हेत, प्रत्येक पेटीत. दिल्लीवाल्याने लिहिलं, बाईचं अक्षर पाहून पेट्या उघडल्या नाहीत आणि गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागली. शालिकरामजींनी आता निरोप पाठवला आहे: "बाई से कहना, अब डिब्बे खोलके देखेंगे." अकरा वर्षं पुसून गेली रे.

तू लिहिलं होतंस, बागवान लबाडी करतात. मी लबाडी केली नाही, हे देवाला ठाऊक आहे. प्रत्येक फळ माझ्या डोळ्यांखालून गेलं. मग उरलं काय? डोळेच ना?

आईचं आठवते तुला? तू लहान होतास. तिची नजर एकदम गेली नव्हती. आधी रंग गेले. रांगोळीत पानाला हिरव्याच्या जागी पिवळा भरायची आणि आपण हसायचो. तेही संध्याकाळीच व्हायचं, दिवसा ठीक असायची. दोन वर्षांनी ती भिंत धरून चालायला लागली. माझंही तसंच आहे. दिवसा झाडावर मला हिरवं-पिवळं बरोबर कळतं. संध्याकाळी निवडायला बसले की सारं पिवळं. प्रेमिलेला विचारलं तर म्हणते, मलेही पिवळंच दिसते. पण ती माझ्या होला हो करणारी, तिचं काय धरायचं? तूसुद्धा लिहिलं होतंस, दिव्याखाली डोळ्यांना ताण पडतो. भाऊबीजेला तुझ्या काही लक्षात आलं होतं का? आलं असेल तर लपवू नकोस. मी घाबरत नाही म्हणायला बसले होते, पण खोटं कशाला लिहू? फार घाबरले आहे.

ही आंबियाची शेवटची खेप मी निवडली नाही. बाबाराव भावजींनी निवडून दिली, दिवसा. ती चांगली गेली म्हणे.

उत्तर लवकर दे.

बाई


महाल
२८ नोव्हेंबर १९८३

ती. बाईस,
नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू उगाच मनाला लावून घेतेस. तसं काही नसणार. थकव्याने होतं, झोप कमी झाली की होतं. गाजर खात जा. काटोलच्या गाडीच्या कंडक्टरजवळ डोळ्यांत घालायचे थेंब पाठवत आहे, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घाल. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, अपाय काही नाही.

भाऊबीजेला माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. खरंच नाही. तेव्हा नव्हतं.

दिवा संध्याकाळी लावूच नकोस. वाटलं तर काढून ठेव. मी नऊ तारखेनंतर येतो, मग निवांत बोलू. नऊ तारीख होऊ दे फक्त. इथे मलाही स्वस्थता नाही, सायकल घेऊन निघतो आणि कुठे जायचं होतं तेच विसरतो.

तुझा
रुपराव


लाडगाव
३ डिसेंबर १९८३

चि. रुपरावास,
आशीर्वाद.

थेंब मिळाले. घालते आहे. झोंबतात, बाकी फरक नाही.

आता मी दिवसाही स्वतःला तपासत बसते. हिरवी मिरची आणि पिकलेली मिरची सुपात घेऊन दारात बसते आणि प्रेमिलेला विचारते, ही कोणती, ती कोणती. परवा ती रडायलाच लागली. म्हणाली, "काकू, तुमी बरोबरच तं सांगून राहिल्या, मंग काहून विचारता?" तिला काय सांगू? आईसुद्धा दिवसा बरोबरच सांगायची. नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ये म्हणशील. हिंमत होत नाही. त्याने तोंडाने सांगितलं की मग ते खरं होईल.

बाबाराव भावजी येऊन गेले. या वेळी आवाज चढवून नाही, समजुतीने बोलले. "वैनी, डोये सांभाळा. मृगाची बाग मी पाहतो." खालच्या मळ्यातला मृग बहार झाडावर आहे, फाल्गुनात तोडणीला येईल. तो त्यांना द्यायचा आणि पुढच्या वर्षापासून सारी बागच त्यांनी पाहायची, असं ठरतं आहे. कागद अकरा तारखेला होणार. मी अजून हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायला तोंडही उरलं नाही. जिला हिरवं-पिवळं कळत नाही तिने बाग कशी धरून ठेवावी?

अकरा तारखेला तू ये. साक्षीला माझ्या बाजूचं कोणीतरी असावं. आणि रुपराव, तुला काही वेगळं वाटत असेल तर त्याआधी सांग. तू सांगितलंस तर मी ऐकेन. दुसऱ्या कोणाचं आता पटत नाही.

बाई


महाल
१० डिसेंबर १९८३

ती. बाईस,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

बाई, तुझे डोळे चांगले आहेत. दोष दिव्यात आहे. सोडियमच्या उजेडात हिरवं संत्रंसुद्धा पिवळंच दिसतं. तुला, मला, प्रेमिलेला, शालिकरामजींना, सगळ्यांना. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट छापलं आहे, जिथे रंग ओळखायचा असेल तिथे हा दिवा लावू नये. मी ते पान उलटलंच नव्हतं. तू लिहिलंस माल पिवळा दिसला पाहिजे, आणि मी पिवळा दाखवणारा दिवा आणला. जो पिवळा आहे तोच पिवळा दिसावा, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. आणि तोच दिवा तुझ्या अंगणात टांगला.

हे मला कधी कळलं तेही लिहितो, नाहीतर हे पत्र लिहून उपयोग नाही. सतरा नोव्हेंबरला, लाइन गेली त्या सकाळी. माझ्यासमोर ढिगांचा रंग उतरला. घरी येऊन पुस्तक काढलं, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. म्हणजे तू डोळ्यांचं लिहिलंस तेव्हा मला सारं ठाऊक होतं. तरी थेंब पाठवले. एकदा वाटलं, काम पास होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, हिंगण्याची चिठ्ठी हातात पडू दे. तुला कळलं असतं तर तू बाजारात बोलली असतीस, आणि बोलायलाच पाहिजे होतं. मी भ्यालो. आईचं नाव तू काढलंस त्या रात्री शामलाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, चोक जळला.

काल कमिटीसमोर सांगून टाकलं. बापूजी पास म्हणून सही करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा, हे दिवे या कामाचे नाहीत." पुस्तकाचं ते पान वाचून दाखवलं. शालिकरामजींपुढे एकच संत्रं आधी दिव्याखाली धरलं, मग त्यांना बाहेर नेऊन उन्हात. त्यांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "तो बाई की आंख ठीक है!" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हो, तिची नजर ठीक आहे. माझीच गेली होती." सोळाच्या सोळा दिवे उतरवून माझ्या खर्चाने ट्यूबलाइट लावून देणार आहे. साठ लागल्या तर साठ. संघाचे पैसे यातच जातील, हिंगण्याचं तर नावच नको.

तिथून थेट बसस्टँडवर गेलो. काटोलची गाडी लागलेली होती. तिकीट काढलं, गाडीत बसलो आणि गाडी सुटताना उतरलो. तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही. म्हणून हे पत्र. आजच टपालात टाकतो.

उद्या सही करू नकोस.

रुपराव


लाडगाव
१५ डिसेंबर १९८३

रुपराव,

तुझं पत्र तेरा तारखेला मिळालं. कागद अकराला झाला. दहा तारखेचं पत्र अकराला पोचत नाही, एवढं तुला कळत होतं. तार करता येत होती. दोनच शब्द लागत होते: डोळे ठीक. ते दोन शब्द तू सतरा नोव्हेंबरपासून खिशात घेऊन फिरत होतास.

मला कळलं ते तुझ्याकडून नाही. बाराला दुपारी शालिकरामजी स्वतः आले. एवढा मोठा व्यापारी माझ्या दारात जोडे काढून बसला आणि म्हणाला, "बाई, गलती दिये की थी. डिब्बा फिर बिना खोले लेंगे." मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि जोरजोराने रडले. आधी आनंदाने रडले, डोळे गेले नाहीत म्हणून. मग लक्षात आलं की तू कमिटीला सांगितलंस, बापूजींना सांगितलंस, व्यापाऱ्याला उन्हात नेऊन दाखवलंस, आणि मी मात्र इथे सूप घेऊन मिरच्या ओळखत बसले होते. मग वेगळी रडले.

बाग गेली नाही. बाबाराव भावजींना बोलावलं आणि सांगितलं, मृग तुमचा, सही केली ती केली, शब्द फिरवणार नाही. पण पुढच्या वर्षीचं कागदावर आलेलं नाही, ते विसरा. ते म्हणाले, "पण वैनी, तुमचे डोये?" मी अंगणातल्या लिंबाकडे बोट दाखवून त्यांना त्याच्यावरची पिवळी पानं मोजून दाखवली. सात होती. ते निघून गेले. एक बहार गेला, तो माझ्या घाबरण्याची किंमत म्हणून सोडला.

दिवा प्रेमिलेच्या नवऱ्याकडून उतरवला आहे. कंडक्टरजवळ पाठवते. संघाला दुसरे दिवे द्यायचे आहेत ना, हा विकून दोन-चार ट्यूबलाइट तरी येतील. कमिटीसमोर बोललास ते चांगलं केलंस. तेवढ्यासाठी तुला भाऊ म्हणते. कामाचं नुकसान झालं त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. शामलाला सांग, यात तिचा काही दोष नाही, तिने संक्रांतीला पोरांना घेऊन खुशाल यावं.

तू लिहिलंस, माझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही. अठरा दिवस, रुपराव. अठरा दिवस मी रोज सकाळी उठून आधी हात डोळ्यांसमोर धरून पाहत होते, आणि तुला माहीत होतं. ते माझ्या मनातून जाईल तेव्हा जाईल. तोवर गाडीत बसू नकोस, म्हणजे उतरावंही लागणार नाही.

माझे डोळे चांगले आहेत. पण इतक्यात तुझं तोंड पाहावंसं वाटत नाही.

मनकर्णा